नवरात्र, हाफ मॅरेथॉन आणि नडगीवरचा रुपयाएवढा ठिपका

पट्टी कापायला साधी कात्री पुरली नाही, शेवटी प्लास्टरवाली आणली. वर कापडाचे सहा-सात वेढे, त्याखाली बांबूच्या कामट्या, त्याखाली वाळून खपली झालेला लेप, आंबेहळद आणि काळ्या बोळाचा तो वास पुढे दोन दिवस खोलीतनं गेला नाही. पायाची बोटं फुगलेली, जरा गारच. अंगठ्याचं नख दाबून सोडलं तर गुलाबी रंग परत यायला चांगलाच वेळ लागत होता, आणि मुलगी मला सांगतेय, ताई दुखणं कमी झालंय, फक्त मुंग्या येतात. अगं मुंग्या येतात हेच तर वाईट होतं.

मी फिजिओथेरपिस्ट, बडोद्यात, दांडिया बाजारच्या बाजूला छोटं क्लिनिक आहे. ही केस लिहून ठेवतेय कारण हिच्यात सगळं एकदमच होतं, हाडवैद्य होता, होमिओपॅथी होती, पुण्याच्या काकांनी पाठवलेलं मशीन होतं आणि माझी स्वतःची चूकही होती. मुलीला आणि तिच्या आईला विचारून लिहितेय. नाव बदललंय, सई म्हणू.

सई २० वर्षांची, बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला, वजन ४७ किलो, शाळेपासून धावते, ५००० मीटर आणि १० किलोमीटर. घर मराठी, तीन पिढ्या बडोद्यात, आजोबा संस्कृतचे रिटायर्ड मास्तर. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत ती आठवड्याला ३५ किलोमीटर धावायची, मग ग्रुपमधल्या सगळ्यांनी हिवाळ्यातल्या हाफ मॅरेथॉनचे फॉर्म भरले, हिनेही भरला, आणि चार आठवड्यांत ३५ चे ५५ झाले. पहाटे कमाटीबाग, तिथनं अकोटा पूल, परत. त्यातच नवरात्र आली. बडोद्याची नवरात्र बघितली नसेल त्याला नुसतं सांगून कळत नाही, पण हिशोब सांगते, नऊ रात्री, रोज तीन तास, अनवाणी, मैदानाच्या कडक मातीवर उड्या आणि गिरक्या, आणि घरी नऊ दिवस उपवास. साबुदाणा, राजगिऱ्याचा लाडू, केळं, चहा. सकाळचं धावणं एक दिवस चुकवलं नाही, हे तिने मला अभिमानाने सांगितलं.

पाचव्या रात्री डाव्या नडगीत आतल्या बाजूला दुखायला लागलं. कोजागिरीनंतर दोन दिवसांनी ती माझ्याकडे आली.

इथे मी चुकले. त्या आठवड्यात माझ्याकडे गरब्याच्या नडग्या रांगेने बसलेल्या असतात, दरवर्षी, आणि दहातल्या नऊ शिन स्प्लिंटच्या निघतात, म्हणजे हाडाच्या आतल्या कडेला जिथे स्नायू चिकटतात तिथली जळजळ. सईच्या नडगीवरनं हात फिरवला, वीतभर पट्टा दुखत होता, मी म्हटलं शिन स्प्लिंट, दोन आठवडे धावणं निम्मं कर, बर्फ लाव, पोटरीचे स्ट्रेच कर. पाच मिनिटांत मोकळी केली. एका पायावर उडी मारून बघ म्हटलं नाही, रात्री दुखतं का विचारलं नाही, जेवतेस काय विचारलं नाही. किलोमीटर किती वाढवले हे तर तिने आपणहून सांगितलं होतं, मी ऐकून सोडून दिलं.

दिवाळीपर्यंत तिने ऐकलं. मग भाऊबीजेच्या आदल्या दिवशी ग्रुपची १० किलोमीटरची ट्रायल होती, मैत्रिणीने पेनकिलर दिली, ती घेऊन धावली आणि वेळही चांगली लागली. पेनकिलरची गोष्ट अशी की या प्रकारच्या गोळ्या हाडाच्या जुळण्याला आडकाठी करतात की नाही यावर वाद आहे, प्राण्यांवरच्या प्रयोगांत उशीर दिसलाय, माणसांत तेवढं पक्कं नाही, पण इथे तो वाद बाजूला ठेवला तरी चालेल, कारण गोळीने ओरडणारा भोंगा बंद केला आणि मुलगी दहा किलोमीटर त्याच जागेवर आपटत राहिली. त्या रात्री झोपेतनं उठली. सकाळी लंगडत होती.

घरच्यांनी एक्स-रे काढला. एक्स-रे साफ. झालं, हाड मोडलेलं नाही म्हणजे नस किंवा सांधा सरकलाय असं घरात ठरलं. पण हे होतं स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे न पडता, न लागता, रोजच्या आपटण्याने हाड हळूहळू कमजोर होऊन तडकायला लागणं, आणि सुरुवातीच्या आठवड्यांत ते एक्स-रेवर बहुतेक वेळा दिसतच नाही. हा आजार पहिल्यांदा लिहून ठेवला तो १८५५ मध्ये ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियाच्या लष्करी डॉक्टरने, लांब कूच करून सैनिकांचे पाय सुजायचे त्यावरनं, तेव्हा एक्स-रेचा शोधही लागायचा होता आणि सुजेचं कारण हाडात आहे हे कळायला १८९७ उजाडलं. म्हणजे या दुखण्याला चकवा द्यायची सवय जुनीच आहे.

आता हाडवैद्य. बडोद्यात हाडवैद्यावरचा विश्वास हवेतनं आलेला नाही. इथे प्रोफेसर माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाममंदिराची परंपरा आहे, कुस्ती, मल्लखांब, मालिश, स्वामी कुवलयानंद १९०७ ते १९१० तिथेच व्यायाम शिकले, आणि माणिकरावांचा हात हाडं बसवण्यासाठीही नावाजलेला होता. आजोबांच्या लहानपणी घरात कोणाचा खांदा उतरला की डॉक्टरकडे कोणी जायचंच नाही. सईला ज्याच्याकडे नेलं तो या परंपरेतला नव्हे, शहराबाहेर चाळीसेक किलोमीटरवर एका गावात बसतो, नाव लिहीत नाही. त्याने नडगी अंगठ्याने दाबत दाबत चोळली, सई म्हणते डोळ्यांपुढे काजवे चमकले, मग म्हणाला, ‘हाडकुं खसी गयुं छे’, म्हणजे हाड सरकलंय, लेप लावला, कामट्या बांधल्या आणि आठ दिवस सोडायचं नाही म्हणून सांगितलं. तिसऱ्या दिवशी मुंग्या आल्या, चौथ्या दिवशी आईने घाबरून मला फोन केला.

पाय धुतला, रंग परत आला, तासाभराने मुंग्या गेल्या. लेपाखाली कातडीला दोन फोड आले होते. मग मी ते केलं जे महिन्याभरापूर्वी करायला हवं होतं, म्हटलं, कुठे दुखतं ते एका बोटाने दाखव. तिने नडगीच्या खालच्या तिसऱ्या भागात, आतल्या कडेला, बोट टेकवलं. रुपयाच्या नाण्याएवढी जागा. वर-खाली दाबलं तर काही नाही, तिथे दाबलं की पाय ओढून घेतला. शिन स्प्लिंटचं दुखणं पाच सेंटिमीटर किंवा जास्त पसरलेलं असतं, स्ट्रेस फ्रॅक्चर बोट ठेवून दाखवता येतं. तिला बहुतेक दोन्ही होती, एकावर एक, आणि मला फक्त वरचं दिसलं होतं. डाव्या पायावर एक छोटीशी उडी मार म्हटलं, मारली, टेबलाची कड धरली आणि दुसरी मारायला तयार झाली नाही.

एमआरआयमध्ये ग्रेड ३ आलं. फ्रेडरिक्सन नावाच्या डॉक्टरने १९९५ मध्ये नडगीसाठी ही चार पायऱ्यांची पद्धत दिली, पहिल्या पायरीला फक्त हाडावरच्या पडद्याला सूज, चौथीला तडा उघड दिसतो, तिसरी म्हणजे हाडाच्या आतपर्यंत सूज पण रेघ अजून नाही. आणि जागा आतल्या-मागच्या कडेची, ही कमी धोक्याची. हाच ठिपका नडगीच्या पुढच्या कडेला असता तर गोष्ट वेगळी झाली असती, तिथे हाड प्रत्येक पावलाला ताणलं जातं, काळी रेघ उमटते ती महिनोन्महिने जात नाही आणि कधी आत रॉड घालावा लागतो. तसंच मांडीच्या हाडाची मान, पावलातलं नॅव्हिक्युलर नावाचं हाड, पायाच्या करंगळीच्या हाडाचा मागचा भाग, इथे ‘थोडा आराम कर’ म्हणून भागत नाही. म्हणून उपचार कुठला यावर भांडायच्या आधी जागा कुठली हे कळायला पाहिजे, आणि ते लेपाने कळत नाही, माझ्या हातानेही पूर्ण कळत नाही.

रिपोर्ट घेऊन मी त्यांच्या घरी गेले, कारण क्लिनिकमध्ये एवढी माणसं मावली नसती. आई, बाबा, आजोबा, आणि फोनवर पुण्याचे काका. आजोबांचा पहिलाच प्रश्न, पडली नाही, लागलं नाही, मग हाड मोडलं कसं? मी त्यांना म्हटलं आजोबा, आपली महापालिका रस्ता कसा करते? आधी खोदते, मग महिन्या-दोन महिन्यांनी भरते. हाडही तसंच, भार वाढला की जुनं आधी पोखरून काढतं, त्याला दोन-तीन आठवडे लागतात, आणि नवीन भरायला तीनेक महिने. मधल्या काळात रस्ता खोदलेला असतो. अशा रस्त्यावर हिने सप्टेंबरपासून ट्रक सोडले आणि नवरात्रीत तर रांग लावली. आजोबा हसले, पण मग आत जाऊन सुश्रुतसंहिता घेऊन आले, म्हणाले आमच्याकडे हे सगळं आहे.

आहेच की. निदानस्थानात भग्नाचा वेगळा अध्याय आहे, हाड मोडण्याचे बारा प्रकार आणि सांधा सुटण्याचे सहा, आणि चिकित्सास्थानात पट्टी कशी बांधायची तेही. मी म्हटलं आजोबा, चिकित्सास्थानाचा तिसरा अध्याय वाचा ना, पथ्य काय सांगितलंय. त्यांनी चष्मा लावून मोठ्याने वाचलं, भग्नाच्या रोग्याने खारट, तिखट, आंबट, क्षार टाळावं, उन्हात जाऊ नये, रुक्ष अन्न खाऊ नये, आणि व्यायाम करू नये. तिथे थांबले. पुढे पट्टी कधी सोडायची ते पण आहे, थंडीत सात दिवसांनी, समशीतोष्ण ऋतूत पाच, उन्हाळ्यात तीन. नोव्हेंबरात बडोद्यात दुपारी पंखा लागतो, आणि आपल्या वैद्याने आठ दिवस म्हटलं होतं. फार सैल बांधली तर सांधा स्थिर होत नाही आणि फार घट्ट बांधली तर सूज येते हेसुद्धा तिथेच आहे. आजोबांनी पुस्तक मिटलं आणि सईकडे बघून म्हणाले, ‘ऐकलंस? व्यायाम नाही.’ मी तासभर एमआरआय समजावून जे झालं नसतं ते तिथे झालं.

मग एकेक उपचार निघाला. आईने होमिओपॅथीच्या सिम्फायटमच्या गोळ्या सुरू केल्या होत्या. मी म्हटलं काकू, याने हाड लवकर जुळतं असा काही पुरावा नाही, पण साबुदाण्याएवढ्या गोड गोळ्यांनी नुकसानही नाही, घ्यायच्या तर घ्या, पण त्याच झाडाचा म्हणजे कॉम्फ्रीचा काढा किंवा पावडर कोणी दिली तर पोटात घ्यायची नाही, लिव्हरला विषारी आहे. आजोबांचा आग्रह हाडजोडीचा होता, कांडवेल म्हणतात ती, लाक्षादी गुग्गुळ नावाच्या आयुर्वेदिक गोळीत पण असते. तिच्यावर प्रयोगशाळेत आणि छोट्या प्रमाणावर माणसांत काम झालंय, थोडं आशादायक आहे, पण धावपटूच्या स्ट्रेस फ्रॅक्चरवर भरवशाचं म्हणावं असं माझ्या वाचनात काही नाही. माझी एकच अट, लेबल नसलेली पुडी नको, स्पर्धेत उतरणाऱ्या मुलीने कोणाकडनंही सुटं चूर्ण घेऊ नये, आत काय मिसळलंय देव जाणे आणि डोप टेस्टमध्ये सापडलं तर उत्तर तिलाच द्यावं लागतं. आजोबांनी चांगल्या कंपनीचा सीलबंद डबा आणला, तो ऑर्थोपेडिक सरांना दाखवला, ते म्हणाले चालेल.

काकांचं मशीन म्हणजे लो इंटेन्सिटी अल्ट्रासाउंड, हाड लवकर जुळावं म्हणून त्यावर हलक्या ध्वनिलहरी सोडणारं, रोज २० मिनिटं लावायचं, भाड्याने आणलेलं, आणि भाडं ऐकून मीच गप्प झाले. कल्पना वाईट नाही, अमेरिकेत ताज्या फ्रॅक्चरसाठी १९९४ पासून मान्यता आहे. पण नेमकं नडगीच्या स्ट्रेस फ्रॅक्चरवर अमेरिकन नौदलाच्या कॅडेट्सना लावून बघितलं, २००४ मध्ये छापून आलं, खरं मशीन आणि खोटं मशीन यांत परत ड्युटीवर यायला लागलेले दिवस जवळपास सारखेच. २०१६ ला नडगीचं ऑपरेशन झालेल्या ५०१ पेशंटवर मोठा अभ्यास झाला, तिथेही फायदा नाही. काकांना हे पटलं नाही, ते म्हणाले महिन्याचं भाडं भरलंय. मग लावलं महिनाभर. खरं सांगू का, एका गोष्टीसाठी मला ते आवडलं, रोज २० मिनिटं मुलगी एका जागी बसायची. आठवडाभर लेप बांधून घेणारे बरे होतात त्यातही मोठा वाटा बांधून ठेवण्याचाच असतो असं माझं मत आहे, लेपाचा नाही. चोळण्याचं मात्र कसलंही समर्थन नाही. जिथे हाड पोखरलेलं आहे तिथे अंगठ्याने दाब देणं हा उपचार नव्हे.

हाडं घट्ट करणाऱ्या बिस्फॉस्फोनेटच्या गोळ्यांचं काकांनी नेटवर वाचलं होतं, ते ऑर्थोपेडिक सरांनी एका वाक्यात संपवलं, हे औषध हाडात वर्षानुवर्षं राहतं, विशीतल्या मुलीला देत नाही.

हे सगळं दोन तास चाललं आणि तोपर्यंत खरा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. निघताना मी सईला गच्चीवर नेलं, एकटीला. पाळी नियमित आहे का? ती म्हणाली, नाही आली ताई पाच महिने, ‘बरंच आहे ना, रेसच्या दिवशी कटकट नाही.’ कोचना माहीतय? नाही. आईला? तिला वाटतं अभ्यासाचं टेन्शन. ग्रुपमध्ये कोणी बोलतं का यावर? ती म्हणाली दोघी-तिघींची अशीच आहे, कोच सर म्हणतात वजन कमी झालं की टायमिंग सुधारतं.

मी तिथेच गच्चीवर मोबाइलवर हिशोब मांडला. तिच्या अंगातली चरबी सोडून बाकीचं वजन साधारण ३८ किलो. धावण्यात गेलेली ऊर्जा वजा केल्यावर दर किलोमागे रोज ४५ कॅलरी उरल्या तर शरीराचं बाकी काम नीट चालतं, ३० च्या खाली गेलं की शरीर काटकसर सुरू करतं, पाळी बंद पडू शकते आणि हाडाचं बांधकामही मंदावतं. साध्या दिवशी ती १७०० खायची आणि ५५० व्यायामात जाळायची, उरले ११५०, म्हणजे किलोमागे ३०, काठावर. नवरात्रीत खाणं १३००, रन आणि गरबा मिळून कमीत कमी ७००, उरले ६००. म्हणजे १६. ती बराच वेळ त्या १६ कडे बघत होती. तिला वाटायचं आपण डाएट करतच नाही, आणि ते खरंच होतं, ती फक्त भुकेपेक्षा जास्त धावत होती. याला २०१४ पासून ऑलिंपिक समितीने रेड-एस असं नाव दिलंय, त्याआधी १९९२ पासून फीमेल अ‍ॅथलीट ट्रायड म्हणायचे. उपवासाला मी नावं ठेवत नाही, मी पण धरते, पण उपवास, गरबा आणि हाफ मॅरेथॉनची तयारी यांतलं एक काहीतरी सोडायला हवं होतं.

रक्त तपासलं तर व्हिटॅमिन डी ११, वीसच्या खाली म्हणजे कमतरता, आणि फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, ९, तोही कमीच. गायनॅकच्या मॅडमनी बाकीच्या तपासण्या करून पाळी थांबायला दुसरं कारण नाही हे बघितलं. डी साठी आठवड्याला ६०,००० युनिटची पुडी, आठ आठवडे. अमेरिकन नौदलात भरती झालेल्या मुलींना रोज २००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ८०० युनिट डी दिलं तर स्ट्रेस फ्रॅक्चर २० टक्क्यांनी घटले असा २००८ चा अभ्यास आहे, म्हणजे उपयोग आहे, पण जादू नाही. खाण्याचं डाएटिशियनने जे लिहून दिलं ते काकूंनी आपल्या पद्धतीने केलं, धावून आल्या आल्या खजूर आणि दूध, डब्यात एकाऐवजी तीन थेपले, संध्याकाळी नाचणीची पेज तुपासकट, आणि रविवारी सेव-उसळ, वर एक पाव जास्त.

पायाचं वेळापत्रक सोपं होतं, पाळणं कठीण. तीन आठवडे वॉकर बूट, म्हणजे पाय धरून ठेवणारा कडक बूट, दुखणार नाही एवढंच चालायचं. मग बूट काढून सायकल, आणि पाण्यात कमरेला बेल्ट लावून जागेवर धावणं, डिसेंबरच्या सकाळी पूलचं पाणी बर्फ असतं, तिने मला काय काय म्हटलं ते लिहीत नाही. बोट ठेवून दाबलं तर दुखायचं थांबल्यावर, आणि सलग दोन आठवडे चालण्यात काहीच दुखलं नाही तेव्हा, म्हणजे आठव्या आठवड्यात, एक मिनिट धावणं चार मिनिटं चालणं, दिवसाआड. पावलं आखूड करून मिनिटाला पाच-सात टक्के जास्त टाकायला लावली, त्याने नडगीवरचा आपट कमी होतो. अकराव्या आठवड्यात घाई केली, परत दुखलं, एक पायरी मागे आलो. चौदाव्या आठवड्यात सलग ३० मिनिटं.

मॅरेथॉन अर्थातच हुकली. त्या दिवशी ती पाण्याच्या टेबलावर उभी होती आणि मला मेसेज केला की धावण्यापेक्षा हे जास्त अवघड आहे. मी तिला पी. व्ही. सिंधूची आठवण दिली, २०२२ ला कॉमनवेल्थचं सुवर्ण घेतलं आणि पायातल्या स्ट्रेस फ्रॅक्चरमुळे लगेचची वर्ल्ड चॅम्पियनशिप सोडावी लागली. तिचं उत्तर आलं, ‘तिने सुवर्ण घेऊन सोडली, ताई.’ यावर मला काही सुचलं नाही.

कोचना भेटायला मी आणि काकू दोघी गेलो. सर आधी चिडले, मग म्हणाले पाळीचं मुलींना कसं विचारणार. काकूंनी सुचवलं की तुम्ही नका विचारू, ग्रुपमधल्या मोठ्या मुलीला वही ठेवायला सांगा. आता वही आहे. वजनाबद्दलचं त्यांचं बोलणं मात्र अजून पूर्ण थांबलेलं नाही असं सई सांगते.

पाळी एप्रिलमध्ये परत आली, वजन तेव्हा ५० होतं आणि १० किलोमीटरचं टायमिंग जुन्यापेक्षा २० सेकंदच मागे. आजोबांच्या मते हे हाडजोडीमुळे, काकांच्या मते मशीनमुळे, काकूंनी गोळ्यांची रिकामी बाटली अजून टाकलेली नाही. मी कोणाशी वाद घालत नाही. या नवरात्रीत ती तीन रात्री गेली, पायात बूट घालून, मैत्रिणी हसल्या म्हणे. उपवास धरला नाही, आजीच्या फोटोला सॉरी म्हणाली. व्हिटॅमिन डी ३४ आहे. फेरिटिन अजून २२ वरच अडकलंय, लोहाच्या गोळीने पोट बिघडतं म्हणून दिवसाआड केलीय, पुढचा रिपोर्ट दिवाळीनंतर.